झारी खाली ठेव

झारी खाली ठेव, एलरिको.
दुपारचे दोन वाजलेत, छपराचा पत्रा कडकड बोलतोय
आणि तू पाणी घालायला निघालास.
या वेळचं पाणी कुंडीत तापतं, मुळं शिजतात.
तीन दिवस वरून काही कळत नाही.
चौथ्या दिवशी बोट लावलंस
की साय फाटावी तसं फाटतं सगळं.

तुला दया येते, माहीत आहे.
केपटाउनहून येणारी सगळी पोरं अशीच.
पहिल्या आठवड्यात दया,
तिसऱ्यात कुजका वास.

हे मेलेलं नाही, बघ.
हे बटणाएवढं झाड जानेवारीत
आपलंच जुनं पान वाळवतं, त्याचा कागद करतं
आणि त्या कागदात स्वतःला गुंडाळून पडून राहतं.
आत ओल आहे. सोलून बघायचं नाही.
सुरकुतलं तर सुरकुतू दे,
मीही सुरकुतलेय, मला कुणी पाण्यात बुडवून ठेवत नाही.
आमच्यात यांना टोइंकीस म्हणतात,
पायाची चिमुकली बोटं.
पावसाळा आमचा थंडीत येतो. तोवर
यांना काही द्यायचं नाही, हेच काम.
न देण्याचा पगार घेतेय मी एकोणीस वर्षं.

पूर्वेची जाळी सोड. तिकडून वारा उतरला
की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं.
पण कड्या लावू नकोस. ऊन सोसतात ती,
कोंडलेली हवा सोसत नाहीत.
काळ्या कुंड्या विटांवर चढव.
आणि त्या तिसऱ्या मांडणीला
मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

ती झाडं नाहीत, पुरावा आहे.
प्रत्येक खोक्यावर पोलिसांचा आकडा बघ.
स्टाइनकॉफच्या रस्त्यावर गाडी अडवली,
कांद्याच्या पोत्यांखाली निघाली ही सगळी.
चार हजार दोनशे अकरा. मोजली मीच.
काही माझ्याहून थोरली असतील.
मोजता मोजता एकाच्या बुडाशी ओरखडा दिसला,
तिरका, टोकाशी दुभंगलेला.
स्क्रू-ड्रायव्हरचा.
त्याचं मोडकं टोक मला ठाऊक होतं,
माझ्या स्वयंपाकघराच्या खणातला होता तो.

मोजणी मी पुरी केली.
आकडा खाली लिहिला, वर सही केली: मीटा साल.

ग्रॅनव्हिलने त्या साली मला फ्रीज आणून दिला होता.
पांढरा, दोन दारांचा.
कुठून आणलास, विचारलं नाही.
उन्हाळा होता.
थंड पाणी प्याले.

आता तारखा पडतात. पुढची मार्चमध्ये आहे.
टेकडीवर परत लावावीत म्हटलं तर
कुठली टेकडी? इथे प्रत्येक टेकडीची जात वेगळी,
एकीवरचं दुसरीवर नेलं की गोंधळ.
गारगोट्यांनी पांढरी झालेली ती नेमकी जागा
त्यालाच ठाऊक.
भेटीला जाते तेव्हा विचारते.
तो खाली बघतो, आपल्याच पायांच्या बोटांकडे.
मीही मग तिकडेच बघत बसते, वेळ संपेपर्यंत.

गेल्या रविवारी पहिल्यांदा तोच बोलला.
किती उरलीत?
आकडा तोंडावर होता माझ्या.
दोन हजार नऊशे सहा.
सांगितला नाही.

फ्रीज चालू आहे अजून. घरघरतो रात्रभर.
आतली बाटली भरायची मी बंद केलीय, एवढंच.

चल, सावली तिसऱ्या मांडणीपाशी आली.
तो फवारा घे, झारी नको.
मऊ लागतं ते कुजलेलं, त्याला सोड.
चामड्यासारखं लागतं ते तहानलेलं.
बोट ठेव. नाही, डोळ्यांनी नाही कळत,
बोट ठेव.
हं. त्याला एक फवारा.
एक म्हटलं मी.